शस्त्रक्रियेची चित्रफीत : मालकी कोणाची, वापर कोणासाठी?

दुर्बिणीद्वारे केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाची दृष्टी रुग्णाच्या देहावर नसते. ती समोरच्या पडद्यावर असते. पोटाला पाडलेल्या लहानशा छिद्रातून आत सोडलेला कॅमेरा जे पाहतो तेच त्याला दिसते आणि त्या दर्शनाच्या आधारेच त्याचे हात चालतात. जे पडद्यावर उमटते ते साठवून ठेवण्यास आता निराळे कष्ट पडत नाहीत. एक कळ दाबली की काम भागते. पूर्वी शस्त्रक्रियेचा वृत्तांत म्हणजे शल्यचिकित्सकाने काम आटोपल्यावर स्मरणाने लिहिलेली अर्ध्या पानाची टिपणी असे. आज त्या टिपणीच्या जोडीला प्रत्येक क्षणाचा साक्षीदार असलेली चित्रफीत उभी राहिली आहे.

हा बदल फार जुना नाही. पश्चिम जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये पोट न उघडता पित्ताशय काढले. फ्रान्समध्ये लिआँ येथे फिलीप मूरे यांनी १९८७ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली. आपल्या देशात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये तिचा प्रारंभ केला. तेव्हापासून पित्ताशय, आंत्रपुच्छ, हर्निया, गर्भाशय अशा किती तरी अवयवांच्या शस्त्रक्रिया या मार्गाने होऊ लागल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला गेला. साहजिकच चित्रफितींचे ढीग साचू लागले. आणि साचलेल्या वस्तूंविषयी जो प्रश्न नेहमी निघतो तोच येथेही निघाला : हे सारे कोणाचे?

रुग्ण म्हणेल, देह माझा आहे. शल्यचिकित्सक म्हणेल, कौशल्य माझे आहे. रुग्णालय म्हणेल, यंत्र माझे, कर्मचारी माझे आणि विजेचे देयकही मीच भरतो. संशोधक म्हणेल, कपाटात पडून राहिलेली चित्रफीत कोणाच्याच उपयोगाची नाही. रुग्णालय शासकीय असेल तर या रांगेत करदाताही उभा राहतो. गोमेकॉसारख्या रुग्णालयाचा विचार केला म्हणजे या प्रश्नाचा आवाका ध्यानात येतो. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाची परंपरा सांगणाऱ्या या संस्थेत गोव्याच्या बाराही तालुक्यांतून रुग्ण येतात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी येथूनही बांबोळीची वाट धरणारे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी कितीजणांना आपल्या शस्त्रक्रियेचे चित्रण होऊ शकते याची कल्पना असेल?

कायद्याच्या दृष्टीने

आमच्या प्रसिद्धी खात्यास या प्रश्नाची एक बाजू जुन्या परिचयाची आहे. शासकीय छायाचित्रकार एखाद्या समारंभाचे छायाचित्र घेतो, तेव्हा बोट त्याचे असले तरी प्रताधिकार शासनाचा असतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ मध्ये तसे स्पष्ट आहे : शासनाच्या निदेशाने वा नियंत्रणाखाली निर्माण झालेल्या कृतीचे पहिले स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, शासन होय. परंतु समारंभातील मान्यवर व्यासपीठावर स्वेच्छेने उभे असतात आणि कॅमेऱ्याकडे पाहून स्मितही करतात. शस्त्रक्रियागृहातील मनुष्य भुलीच्या अमलाखाली असतो. एवढ्या एका फरकाने साऱ्या विवेचनाची दिशा बदलते.

तरीही प्रताधिकाराची बाजू आधी समजून घेणे बरे. या अधिनियमानुसार दृश्य मुद्रणाची कोणतीही कृती ‘चलचित्रपट’ या संज्ञेत येते. व्हिडिओ चित्रफितींचाही तीत समावेश आहे. चलचित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ती कृती तयार करण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला स्वामी मालक असतो. तेव्हा शासकीय वा महाविद्यालयीन रुग्णालयातील पगारी शल्यचिकित्सकाचा मामला तुलनेने सरळ आहे. गुंता होतो तो खाजगी रुग्णालयात. तेथे शल्यचिकित्सक बहुधा नोकर नसतो. ठरावीक दिवशी येऊन शस्त्रक्रिया करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. यंत्र रुग्णालयाचे, कळ दाबणारी परिचारिका रुग्णालयाची, पण चित्रण करा असे सांगणारा तो. मग पुढाकार कोणाचा? लेखी करार नसेल तर याचे उत्तर दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने देतील. करार करतानाही सावध राहिले पाहिजे. कलम १९ प्रमाणे हक्कांचे अभिहस्तांकन लेखी व स्वाक्षरीचे हवे, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता.

परंतु प्रताधिकार हा कृतीवरील अधिकार आहे, रुग्णाच्या गुपितावरील नव्हे. चित्रफितीच्या प्रती काढण्यापासून इतरांना रोखण्याचा हक्क रुग्णालयाला मिळाला म्हणून ती चारचौघांत दाखविण्याची मुभा त्याला आपोआप मिळत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ वारंवार होताना दिसते, आणि बहुतेक वाद त्याच ठिकाणी जन्म घेतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये प्रसृत केलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य अभिलेख मानकांत ही सरमिसळ चांगल्या प्रकारे सोडविली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अभिलेख ज्या माध्यमावर साठविला असेल ते माध्यम रुग्णालयाचे. त्यातील रुग्णाच्या आरोग्याविषयीची माहिती रुग्णाची. आणि रुग्णालय तो अभिलेख रुग्णाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणखी एक पाऊल पुढे जातात. संशोधनासाठी दिलेला जैविक नमुना आणि त्यासंबंधीची माहिती यांचा स्वामी सहभागी व्यक्तीच होय. संस्था केवळ अभिरक्षक किंवा विश्वस्त, असे ती सांगतात. आपल्याकडे ही कल्पना समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत. देवस्थानच्या अलंकारांच्या पेटीची किल्ली ज्याच्या हाती असते तो त्या अलंकारांचा मालक नसतो, हे गावातील लहान पोरालाही ठाऊक असते.

आपल्या अभिलेखाची प्रत मिळण्याचा रुग्णाचा हक्क तर यापूर्वीच मान्य झालेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये असे सांगितले की, रुग्ण स्वतःच कागदपत्रे मागत असता गोपनीयतेची सबब पुढे करता येणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनी अभिलेख तीन वर्षे जपण्याचे आणि मागणी झाल्यास ७२ तासांच्या आत देण्याचे बंधन घातले. शस्त्रक्रियेच्या चित्रफितीचा मात्र या विनियमांत उल्लेख नाही. त्यामुळे ती अभिलेखाचा भाग समजावयाची की शल्यचिकित्सकाची खाजगी वही, याबाबत रुग्णालयागणिक वहिवाट निराळी पडली. ज्या चित्रफितीचा निर्देश केसपेपरात आहे ती अभिलेखाचाच भाग मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर वा भ्रमणध्वनीत जाणारी प्रत ही तर सर्वांत धोक्याची, कारण ती कोणत्याच नोंदवहीत नसते.

चित्रफितीचे मोल

एवढा खटाटोप करण्याजोगे या चित्रफितींत असते तरी काय, असे कोणी विचारील. दोन अभ्यासांचा निर्देश येथे पुरेसा होईल.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यचिकित्सकांनी आपल्या दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेची प्रत्येकी एक चित्रफीत स्वेच्छेने दिली. कोणाची कोणती हे न सांगता ती समव्यवसायी परीक्षकांना दाखविण्यात आली आणि त्यांनी कौशल्याला गुण दिले. नंतर ते गुण त्या त्या शल्यचिकित्सकाच्या रुग्णांच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिले गेले. खालच्या चतुर्थांशातील शल्यचिकित्सकांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते, तर वरच्या चतुर्थांशातील शल्यचिकित्सकांच्या रुग्णांमध्ये ते ५.२ टक्के. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ०.२६ व ०.०५ टक्के आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रफितीही शल्यचिकित्सकांनी स्वतःच निवडलेल्या होत्या, म्हणजे बहुधा आपल्या चांगल्यापैकी असाव्यात. तरीही अंतर लपले नाही. पदवी, अनुभवाचे प्रमाणपत्र वा पाटीवरची अक्षरे जे सांगू शकत नाहीत ते हाताच्या हालचालींनी सांगितले.

दुसरा अभ्यास २००३ चा. पित्ताशय काढताना चुकून मुख्य पित्तनलिकेस इजा होणे हा या शस्त्रक्रियेतील एक गंभीर अपघात होय. त्याचे परिणाम रुग्णाला पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागू शकतात. अमेरिकेतील अभ्यासकांनी अशा २५२ इजांचा कसून तपास केला, तेव्हा ९७ टक्के प्रसंगी मूळ कारण हाताचे अकौशल्य नसून डोळ्यांना झालेला भास हे होते, असा निष्कर्ष निघाला. शल्यचिकित्सकाला समोर जी नलिका दिसत होती ती त्याच्या दृष्टीने निश्चितपणे दुसरीच होती. मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या २५२ प्रसंगांपैकी मूळ शस्त्रक्रियेच्या चित्रफिती केवळ २२ उपलब्ध होत्या. बाकीच्यांसाठी क्ष-किरण चित्रे आणि लेखी कागदपत्रे यांवरच विसंबावे लागले. ज्याला भास झाला तो आपल्या टिपणीत तो भासच सत्य म्हणून लिहिणार. खरे काय ते कॅमेऱ्यालाच माहीत.

अलीकडे या चित्रफितींना आणखी एक गिऱ्हाईक लाभले आहे, ते म्हणजे संगणक. शस्त्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आली, कोणते हत्यार वापरात आहे, हे ओळखण्यास यंत्राला शिकविण्यासाठी चित्रफितींचा मोठा साठा लागतो. स्ट्रासबूर येथील विद्यापीठ रुग्णालयात १३ शल्यचिकित्सकांनी केलेल्या पित्ताशयाच्या ८० शस्त्रक्रियांच्या चित्रफिती, टप्पे व हत्यारे यांची नोंद करून, २०१६ पासून संशोधकांना उपलब्ध करण्यात आल्या. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यांचा आधार घेतला. अट एवढीच की, वापर संशोधनासाठी हवा, व्यापारासाठी नव्हे. त्याच देशातील ब्रेस्ट येथून मोतीबिंदूच्या ५० शस्त्रक्रियांचा असाच संच बाहेर पडला.

येथे आपल्या हिताचा एक मुद्दा आहे. एका नगरातील एका रुग्णालयाच्या चित्रफितींवर शिकलेले यंत्र त्या रुग्णालयाचे वळण उचलते. आपल्या देशात मोतीबिंदूसाठी लहान छेदातून हाताने, टाके न घालता करावयाची शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर चालते. श्रीमंत देशांत मात्र जवळजवळ सर्वत्र ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडण्याची फेको पद्धत रूढ आहे. फेकोच्या चित्रणावर शिकलेल्या यंत्राला आपल्या शिबिरातील शस्त्रक्रिया परकीच वाटणार. उशिरा आलेला, सूज चढलेला, चिकटलेला पित्ताशय आमच्याकडील शल्यचिकित्सकाला नेहमी भेटतो. त्याचे चित्रण संचात नसेल तर यंत्राचा सल्ला आपल्या रुग्णाच्या उपयोगी कितपत पडेल? चित्रफिती कुलुपात ठेवण्याची किंमत अशी रुग्णच मोजतात, आणि बेफिकिरीने वाटण्याची किंमतही तेच मोजतात.

ओळख कोठे कोठे उरते

‘पोटाच्या आतले चित्र, त्यात कोणाचा चेहरा दिसणार?’ असा युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. शस्त्रक्रियेत कॅमेऱ्याची काच रक्ताने वा धुक्याने मळते आणि पुसण्यासाठी तो बाहेर काढावा लागतो. मुद्रण चालूच असते. त्या काही क्षणांत रुग्णाचा चेहरा, अंगावरचे गोंदण, परिचारिका, भिंतीवरील फळ्यावर लिहिलेली नावे, घड्याळ असे काहीही टिपले जाऊ शकते. ध्वनिमुद्रण चालू असेल तर प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण शस्त्रक्रियागृहात रुग्णाचे नाव उच्चारले जाते आणि इतर गप्पाही होतात. काही यंत्रे रुग्णाचे नाव व क्रमांक चित्राच्या कोपऱ्यातच छापतात. धारिकेच्या नावात नोंदणी क्रमांक आणि तिच्या पोटातील तांत्रिक तपशिलात तारीख व वेळ दडलेली असते. लहान राज्यात तर तारीख, तालुका आणि दुर्मिळ व्याधी एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या की गावात नाव आपोआप निघते. चेहरा झाकणे येथे पुरे पडत नाही.

यास्तव चित्रफीत संस्थेबाहेर जाण्यापूर्वी शरीराबाहेरची दृश्ये काढून टाकणे, ध्वनी पुसणे, कोपऱ्यातील अक्षरे झाकणे, धारिकेचे नाव बदलणे आणि मूळ नोंदीशी दुवा जोडणारी यादी स्वतंत्र अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवणे, एवढे तरी व्हावयास हवे. काम कंटाळवाणे आहे. शरीराबाहेरची दृश्ये आपोआप ओळखणाऱ्या संगणकीय पद्धती आता निघाल्या आहेत. तरी शेवटची नजर माणसाचीच असावी.

२००२ च्या विनियमांत अशी तरतूद आहे की, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र वा वृत्तांत त्याच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करू नये. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. एखाद्या नियतकालिकात एखादे छायाचित्र छापण्यापुरते हे ठीक होते. दोन तासांची चित्रफीत शेकडो संगणकांवर उतरवून घेतली जाते तेव्हा ही वाट फारच रुंद वाटते. शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्यानंतर केवळ या एका वाक्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

संमतिपत्राची भाषा

शस्त्रक्रियेस दिलेली संमती ही चित्रणास दिलेली संमती नव्हे, आणि चित्रणास दिलेली संमती ही संशोधनासाठी वाटप करण्यास दिलेली संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, रोगनिदानासाठी दिलेली संमती पुढील उपचारात्मक शस्त्रक्रियेस पुरत नाही, असा निर्णय दिला. तो चित्रफितींविषयी नव्हता; पण त्यामागील विचार येथे जसाच्या तसा लागू पडण्याजोगा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी व ती मागे घेता आली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात येण्याची तरतूद आहे. संशोधनासाठी अधिनियमात सवलत आहे, परंतु त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता कामा नये आणि विहित मानके पाळली पाहिजेत, अशा तिच्या अटी आहेत. नैतिकता समितीची मान्यता अर्थातच निराळी लागते. परदेशी संस्थेशी सहयोग असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही प्रस्ताव जातो.

शल्यचिकित्सकाचीही संमती घ्यावी काय? घ्यावी, असेच म्हणावे लागेल. मालकी संस्थेची असली तरी परीक्षा त्याच्या हातांची होत असते. अमेरिकेत २००५ च्या एका कायद्याने रुग्णसुरक्षेसाठी गोळा केलेल्या माहितीला न्यायालयीन कामकाजात मर्यादित संरक्षण दिले आहे; आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे कित्येकांना चित्रण नकोच वाटते आणि ती भीती समजण्यासारखी आहे. मात्र गुंतागुंत झाल्यावर चित्रफीत पुसून टाकणे समर्थनीय ठरणार नाही. कोणत्या शस्त्रक्रियांचे चित्रण करावयाचे आणि ते किती काळ ठेवावयाचे, हे निकाल कळण्यापूर्वीच, सर्वांना सारखे लागू होईल असे ठरलेले असावे.

व्यापारी कंपनीचा प्रश्न यापुढे अधिक जोराने येईल. कंपनी रुग्णालयाला यंत्र सवलतीने देते आणि मुद्रणे आपल्या साठ्यात नेते, असा व्यवहार झाला तर सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्णाच्या देहातून तयार झालेले ज्ञान उद्या त्याच रुग्णालयाला विकत घ्यावे लागेल. संशोधनातून आर्थिक लाभ झाल्यास त्याच्या वाटपाचा विचार व्हावा, असे २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही सुचवितात. यंत्रखरेदीच्या निविदेतच चित्रफितींच्या वापराचे कलम असले तर पुढचे पुष्कळ वाद टळतील. ही जबाबदारी डॉक्टरांची नसून भांडार आणि लेखा शाखांची आहे, म्हणून येथे मुद्दाम नमूद केले.

राहता राहिली भाषा. २०२३ च्या अधिनियमानुसार सूचना व संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या अनुसूचीत मराठी आहे, कोंकणीही आहे. परंतु इंग्रजी नमुन्याचे शब्दशः भाषांतर करून ‘अनामिकीकृत दत्तांशाचे दुय्यम उपयोजन’ असे छापले तर काणकोणच्या वा पेडण्याच्या रुग्णाला ते इंग्रजीहून अवघड जाईल. नमुन्यादाखल तीन वाक्ये सुचवितो. पहिले : ‘माझ्या शस्त्रक्रियेचे चित्रण करून ते माझ्या उपचारांच्या कागदपत्रांबरोबर ठेवण्यास माझी हरकत नाही.’ दुसरे : ‘माझे नाव, चेहरा, आवाज व पत्ता कळणार नाही अशी काळजी घेऊन ते चित्रण या रुग्णालयातील डॉक्टरांना शिकविण्यासाठी व संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.’ तिसरे : ‘तसेच ते दुसऱ्या संस्थेला वा कंपनीला संशोधनासाठी देण्यास माझी हरकत नाही, पुढे माझे मन बदलल्यास मी कळवीन आणि त्यानंतर ते कोणाला दिले जाणार नाही, आधी दिलेल्या प्रती परत मिळतीलच असे नाही, हे मला सांगण्यात आले आहे.’

तिन्ही वाक्यांपुढे ‘होय’ आणि ‘नाही’ यांसाठी स्वतंत्र चौकटी असाव्यात. तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही, हे चौथे वाक्य रुग्णालयाने आपल्या बाजूने छापावे. हा कागद शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी द्यावा. स्ट्रेचरवर निजलेल्या माणसाच्या हातात लेखणी देऊ नये. रुग्ण अठरा वर्षांखालील असल्यास पालकाची सही घ्यावी, आणि जेथे अंगठा उठवला जातो तेथे कागद वाचून दाखविणाऱ्या साक्षीदाराचे नाव स्पष्ट अक्षरांत लिहावे.